फिरत्या कृष्णविवराच्या पोटात सिंग्युलॅरिटी खरंच असते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हापासून आसपासच्या शाळा-कॉलेजांतून 'सर, कृष्णविवरांवर तासभर बोला' अशी बोलावणी येतात. भाषणात कुणी काही विचारत नाही. खरे प्रश्न चहाच्या वेळी निघतात, आणि हल्ली ते फिरून फिरून एकाच जागी येतात: ज्या केर यांनी फिरत्या कृष्णविवराचं गणित मांडलं, तेच आता आत सिंग्युलॅरिटी नसते म्हणतात म्हणे, मग आम्ही काय समजायचं? व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला वेगळं लिहून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं इथे एकत्र.

शब्दाबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. सिंग्युलॅरिटी म्हणजे जिथे समीकरणाचं उत्तर अनंत येऊन ते अडतं ती जागा. तिला कुणी विलक्षणता म्हणतं, कुणी एकलता. मला दोन्ही शब्द पटलेले नाहीत, म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.

सर, एका वाक्यात सांगा ना. असते की नसते?

पुस्तकातल्या चित्रात मधोमध सिंग्युलॅरिटी म्हणून जी कडी काढलेली असते, तशी कडी खऱ्या ताऱ्यापासून बनलेल्या कृष्णविवरात असेल असं मला वाटत नाही, आणि या विषयातल्या बहुतेक जाणकारांनाही वाटत नाही. पण कडी नाही म्हणून आत सगळं आलबेल आहे असंही नाही. झाली दोन वाक्यं.

सिंग्युलॅरिटी म्हणजे अनंत घनतेचा ठिपका, असंच ना?

असं सांगणं सोपं जातं, मीही कित्येक वर्षं वर्गात तसंच सांगितलं. आता सांगत नाही.

आमच्या प्रयोगशाळेबाहेर पिण्याच्या पाण्याचा माठ आहे. त्याची तोटी नीट बंद होत नाही. एका मुलीला मी म्हटलं, जवळ जाऊन बघ, थेंब सुटतो कसा. आधी पाणी फुगतं, मग वर मान तयार होते, मान बारीक होत होत दोऱ्यासारखी होते आणि तुटते. पाण्याच्या प्रवाहाचं समीकरण घेऊन हाच क्षण सोडवायला बसलात, तर ते सांगतं की मानेची जाडी शून्य झाली आणि दाब अनंत झाला. गणिताच्या भाषेत ही सिंग्युलॅरिटीच. पण माठाखाली काय अनंत होतं? काही नाही. मान फारच बारीक झाली की पाणी हे सलग द्रव नसून रेणूंचा गठ्ठा आहे ही गोष्ट आडवी येते. समीकरणाला रेणू माहीतच नसतात, म्हणून त्याची बोबडी वळते.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असं नाव दिलं. तिच्यात काही मिळवा, काही वजा करा, ती बदलत नाही, असं ते म्हणतात. नाव दिलं म्हणजे ती राशी बाजारात तराजूत तोलता येते असं नाही. सिंग्युलॅरिटीचंही तसंच. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताची समीकरणं जिथे उत्तर देणं सोडतात, त्या हद्दीचं ते नाव आहे. तिथे 'एखादी वस्तू आहे' हा आपण त्यात घातलेला अर्थ.

पण समीकरण बिघडतं म्हणजे निसर्ग बिघडत नाही, हे कशावरून?

कारण कृष्णविवरांच्याच बाबतीत एकदा अशी फसगत होऊन गेली आहे. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१५ च्या अखेरीस, पहिल्या महायुद्धात लष्करात असताना, न फिरणाऱ्या गोल वस्तूभोवतीच्या गुरुत्वाचं अचूक उत्तर काढलं. ते १९१६ मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी ते वारले. त्या उत्तरात दोन जागी अनंत येत होतं. एक केंद्रात, दुसरं एका ठराविक अंतरावर. सूर्याइतक्या वस्तूसाठी हे अंतर सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीसाठी जेमतेम ९ मिलिमीटर.

पुढची बरीच वर्षं मोठमोठी माणसं या दुसऱ्या जागेलाही सिंग्युलॅरिटी म्हणत होती. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९३३ मध्ये दाखवलं की दोष जागेचा नसून मोजपट्टीचा आहे. तरी ते सगळ्यांच्या गळी उतरायला १९६० साल उजाडलं. उत्तर ध्रुवावर उभं राहून 'इथलं रेखांश किती' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, पण म्हणून ध्रुवावर भोक पडलेलं नसतं. त्या दुसऱ्या जागेला आज आपण घटना क्षितिज म्हणतो, जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही अशी हद्द. पडणारा माणूस ते ओलांडताना त्याला पाटीसुद्धा दिसत नाही.

केंद्रातलं अनंत मात्र मोजपट्टी बदलून जात नाही. तिथे वक्रताच, म्हणजे गुरुत्वामुळे अवकाश आणि काळाला पडणारा बाकच, अनंत होते. म्हणून ते 'खरं' मानलं गेलं.

फिरणारं आणि न फिरणारं यात एवढा काय फरक?

पहिली गोष्ट, अजिबात न फिरणारं कृष्णविवर बहुधा कुठेच नसेल. तारे फिरतात. तारा आकसला की फिरणं वाढतं, गिरकी घेताना हात जवळ ओढले की वेग वाढतो तसं. त्यामुळे श्वार्झशिल्ड यांचं उत्तर हे शिकवायला सोपं, पण निसर्गात जे आहे ते फिरणारंच.

फिरणाऱ्याचं अचूक उत्तर मिळायला १९६३ उजाडलं. न्यूझीलंडचे रॉय केर तेव्हा तिशीच्या आतले होते. त्यांचा लेख जेमतेम दीड पानाचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॅलसच्या परिषदेत त्यांना बोलायला दहा मिनिटं मिळाली, आणि खगोलशास्त्रज्ञ मंडळी त्या वेळात डुलक्या काढत होती किंवा बाहेर गप्पा मारत होती असं सांगतात. हे वाचलं की मला माझ्या शेवटच्या तासाची मुलं आठवतात.

फिरण्यामुळे दोन गोष्टी नव्या येतात. पहिली म्हणजे भोवतालचा अवकाशच ओढला जातो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असताना मधोमध जोरात ढवळलं की कडेचा फेसही हळूहळू फिरायला लागतो, तसं. क्षितिजाच्या जवळ ही ओढ इतकी वाढते की तिथे कुणालाही स्थिर उभं राहताच येत नाही, प्रकाशालाही नाही. दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची: क्षितिजं दोन होतात. एक बाहेरचं, एक आतलं.

आकडे घेऊन बघू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्राने पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे दोन कृष्णविवरं धडकल्याने अवकाशात उठलेला तरंग, पकडली. त्या धडकेतून उरलेलं कृष्णविवर सुमारे ६२ सूर्यांच्या वस्तुमानाचं होतं, आणि त्याचं फिरणं शक्य त्या कमाल मर्यादेच्या साधारण दोन-तृतीयांश. मी गणित मांडलं तर बाहेरचं क्षितिज सुमारे १६० किलोमीटर त्रिज्येचं येतं आणि ते सेकंदाला जवळपास १०० गिरक्या घेतं. परभणीत कंपासचं टोक रोवून १६० किलोमीटरचं वर्तुळ काढा. नांदेड, हिंगोली, लातूर, बीड, जालना, धाराशिव सगळी आत, छत्रपती संभाजीनगर काठावर. म्हणजे जवळजवळ अख्खा मराठवाडा सेकंदाला शंभर वेळा गरगर फिरतोय. आतलं क्षितिज येतं सुमारे २४ किलोमीटरवर, म्हणजे पूर्णा जंक्शनच्या थोडं अलीकडे. (ही अंतरं केर यांच्या गणितातल्या मापाने आहेत, टेप लावून मोजायची नाहीत.) 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतं: बाहेरचं क्षितिज ओलांडलं की सगळ्या वाटा परभणीकडेच.

मग ती कडी कुठून आली?

केर यांच्या उत्तरात वक्रता अनंत होते ती एका ठिपक्यात नाही, एका वर्तुळाकार कडीवर. आणि गणिताचं ऐकायचं तर त्या कडीच्या मधून आरपार जाता येतं. पलीकडे दुसराच प्रदेश, जिथे गुरुत्व ओढण्याऐवजी ढकलतं, आणि कडीच्या आसपास असे मार्ग की ज्यांवरून चालत गेलात तर निघाल्याच्या आधीच परत पोचाल. सकाळी निघून आदल्या संध्याकाळी घरी.

मुलांना हा भाग फार आवडतो. यूट्यूबवाल्यांना त्याहून जास्त. मला मात्र यातून एवढंच कळतं की इथपर्यंत येता येता गणित भरकटलं आहे.

आत पडल्यावर सिंग्युलॅरिटी टाळता येते का?

न फिरणाऱ्या विवरात नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. तिथे क्षितिजाच्या आत गेल्यावर सिंग्युलॅरिटी ही समोरची जागा राहत नाही, ती पुढे येणारी वेळ होते. परभणीहून मानवतला जायचं टाळता येतं. उद्याचा दिवस टाळता येत नाही. किती वेळ हातात उरतो तेही काढता येतं: आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या ४० लाख सूर्यांच्या विवराइतकं मोठं, पण न फिरणारं विवर असेल तर फार तर एक मिनिट. एम ८७ दीर्घिकेच्या केंद्रातलं विवर ६५० कोटी सूर्यांचं आहे, तेवढं असेल तर सवा दिवसाच्या आत.

केर यांच्या विवरात दोन क्षितिजांच्या मधल्या पट्ट्यात अशीच सक्ती असते. पण आतलं क्षितिज ओलांडलं की सक्ती संपते. जागा परत जागेसारखी वागते, वेळ वेळेसारखी. कडी ही तिथे एक जागा आहे, आणि तिला वळसा घालता येतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, केर यांचं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

पेनरोझ यांना नोबेल मिळालं ते सिंग्युलॅरिटी सिद्ध केल्याबद्दलच ना?

ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोझ यांच्या २०२० च्या नोबेलचं मानपत्र नीट वाचा. कृष्णविवरं तयार होणं हे सापेक्षता सिद्धांताचं भक्कम भाकीत आहे, हे दाखवल्याबद्दल, असं त्यात आहे. सिंग्युलॅरिटी हा शब्द त्यात नाही. (उरलेलं अर्धं पारितोषिक गेन्झेल आणि गेझ यांना, आकाशगंगेच्या केंद्रातल्या त्या ४० लाख सूर्यांच्या वस्तूसाठी.)

१९६५ पर्यंत बऱ्याच जणांना वाटायचं की केंद्रात सगळं एका जागी कोसळतं ते आपण तारा अगदी गोल गरगरीत धरतो म्हणून. खरा तारा वाकडातिकडा असतो, त्यातलं सामान एकमेकाला चुकवून निघून जाईल. पेनरोझ यांनी दाखवलं की नाही, एकदा असा पृष्ठभाग तयार झाला की ज्यावरून बाहेर सोडलेला प्रकाशही आतच आवळला जातो, की मग आकार कसाही असो, काही प्रकाशकिरणांचे मार्ग मर्यादित लांबीतच संपतात. या सिद्धतेचा कणा आहे तो अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये कोलकात्यातून मांडलेलं समीकरण: गुरुत्व मार्गांच्या जुडग्याला एकत्र आवळतं, उसवत नाही. परदेशी पुस्तकांत हे नाव मान वाकवून घेतात. आपल्याकडच्या किती बीएस्सीच्या मुलांना ते माहीत असतं, हा वेगळा विषय.

आता 'मार्ग संपतात' म्हणजे काय ते नीट बघू. आपल्याकडे तालुक्याहून गावाकडे जाताना चकचकीत डांबरी रस्ता अचानक तुटतो. का तुटतो? पुढे दरी आहे म्हणूनही तुटू शकतो, आणि टेंडर तेवढ्याच किलोमीटरचं होतं म्हणूनही. पेनरोझ यांच्या प्रमेयात रस्ता तुटतो एवढंच सिद्ध होतं. तिथे दरी आहे, म्हणजे वक्रता अनंत होते, हे त्यात नाही. शिवाय प्रमेयाला काही गृहीतकं लागतात, आणि त्यातलं एक म्हणजे आजची पूर्ण माहिती असेल तर पुढचं सगळं ठरतं हे. केर यांच्या विवरात हे गृहीतक नेमकं आतल्या क्षितिजापाशी कोलमडतं. तिथे मार्ग 'संपतात' ते फक्त ज्या प्रदेशाबद्दल प्रमेय बोलतं त्याची शीव आली म्हणून. पुढे दरी नाही, गुळगुळीत जागा आहे. हे कुणाचं मत नाही, केर यांचं उत्तर समोर ठेवलं की दिसतं.

केर २०२३ मध्ये नेमकं काय म्हणाले?

डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी एक शोधनिबंध जाहीर केला. शीर्षकच प्रश्नार्थक: कृष्णविवरांत सिंग्युलॅरिटी असतात का? आतला सूर असा की गेली साठ वर्षं सगळे जण 'मार्ग संपला' म्हणजे 'सिंग्युलॅरिटी आली' असं बिनदिक्कत मानत आले, आणि ते कुणी सिद्ध केलेलंच नाही.

त्यांचा मुख्य दाखला प्रकाशकिरणांचा. प्रकाशाला स्वतःचं घड्याळ नसतं, त्यामुळे त्याच्या मार्गाची लांबी मोजायला गणितात मैलाच्या दगडांसारखी एक वेगळी मोजणी वापरतात. केर म्हणतात, माझ्या विवरात असे किरण आहेत जे क्षितिजाला बिलगून सरकत राहतात, बाहेरच्या काळाने कायमचे. तरी त्यांचे मैलाचे दगड मर्यादित आकड्यावर थांबतात. तिथे सिंग्युलॅरिटी आहे का? नाही. मग दगड थांबले म्हणजे रस्ता सिंग्युलॅरिटीत गेला, हे तर्कशास्त्र कसलं?

दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. चंद्राची कक्षा काढताना आपण पृथ्वीला एक बिंदू धरतो. गणित बरोबर येतं. म्हणून कुणी पृथ्वी म्हणजे बिंदू असं म्हणत नाही. तशी कडी ही आतल्या फिरणाऱ्या वस्तूच्या जागी बसवलेली खूण आहे. आतल्या क्षितिजाच्या आत सक्ती नसते हे वर पाहिलं. तेव्हा कोसळलेला तारा तिथे फिरत बसला असेल, कडीबिडी काही नसेल, असं केर यांचं म्हणणं.

मग केर बरोबर की चूक?

टीका झाली, आणि ती फुसकी नव्हती. क्षितिजाला बिलगणारे ते किरण खरं तर संपत नाहीत. केर यांनी घेतलेला नकाशा, म्हणजे मोजपट्टी, तिथे संपतो. मोठा नकाशा घेतला की तेच किरण पुढे निघून जातात. पेनरोझ यांचं प्रमेय बोलतं ते कुठल्याच नकाशाने वाढवता न येणाऱ्या मार्गांबद्दल, हे टीकाकारांचं उत्तर. ते मला पटतं. त्यामुळे दाखला लंगडा आहे.

पण ज्या गोष्टीसाठी तो दिला ती गोष्ट लंगडी नाही. मार्ग संपणं आणि वक्रता अनंत होणं या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे पेनरोझ यांनाही माहीत होतं आणि प्रत्येक चांगल्या पाठ्यपुस्तकात तळटीपेत असतंच. तळटीप वाचतो कोण? लोकप्रिय लेखनात ती गळाली, आणि आमच्यासारख्यांच्या फळ्यावर तर ती कधी आलीच नाही. ८९ वर्षांच्या म्हाताऱ्याने वैतागून ती ठळक अक्षरात लिहिली, याचं मला बरं वाटलं.

मात्र 'सिंग्युलॅरिटी असणं सिद्ध झालेलं नाही' यावरून 'आत छान तारा बसलाय' इथे उडी मारता येत नाही. त्यांनी तसा तारा गणितात बांधून दाखवलेला नाही. आणि त्याच्या वाटेवर एक मोठी अडचण उभी आहे.

ती अडचण कोणती?

आतलं क्षितिज. केर यांचं उत्तर रिकाम्या, कुणी न हलवलेल्या, अनादी काळापासून तसंच असलेल्या विवराचं आहे. खऱ्या विवरात सतत काहीतरी पडत असतं: वायू, प्रकाश, गुरुत्वीय लहरींचे उरलेसुरले तरंग.

आता कल्पना करा, तुम्ही आतल्या क्षितिजाकडे पडताय. बाहेरून तुमच्या मागोमाग प्रकाश येतोय. गणित सांगतं की तुमच्या घड्याळाच्या मोजक्या क्षणांत बाहेरच्या जगाचा पुढचा सगळा, म्हणजे कधीच न संपणारा काळ तुमच्यापाशी येऊन दाटतो. रेल्वे जवळ येताना शिट्टीचा आवाज चढतो, तसा हा प्रकाश चढत जातो, आणि त्या चढण्याला वरची हद्दच नाही. एक क्षीणसा किरणही असह्य ऊर्जेचा होतो. आणि ऊर्जा म्हटली की गुरुत्व आलं. १९९० मध्ये एरिक पॉइसन आणि वर्नर इस्रायल यांनी दाखवलं की आत येणारे आणि आतून परतणारे झोत एकमेकांत मिसळले की आतल्या क्षितिजाजवळ जाणवणारं वस्तुमान बेसुमार फुगत जातं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही, त्याच्यासाठी विवर पूर्वीइतकंच वजनदार.

म्हणजे ज्या गुळगुळीत दारातून जाऊन कडी बघायची, तारा बसवायचा, उलट्या वेळेत फिरायचं, ते दारच पेटलेलं आहे. तिथे वक्रता अनंताकडे जाते. म्हणजे अनंत आलंच, फक्त कडीवर न येता त्याच्या आधी आलं.

पण इथेही गंमत संपत नाही. २०१७ मध्ये मिहालिस डाफेर्मोस आणि जोनाथन लुक या गणितज्ञांनी दोनशेहून अधिक पानांची सिद्धता जाहीर केली. तिचा सारांश असा की फिरणाऱ्या विवराला बाहेरून थोडं हलवलं तरी आतल्या क्षितिजापाशी अवकाशकाल, म्हणजे अवकाश आणि काळ यांचं एकत्र कापड, फाटत नाही, सलग राहतो. सलग आहे, पण खडबडीत इतका की आइन्स्टाइनची समीकरणं तिथून पुढे नेहमीच्या अर्थाने चालवता येत नाहीत. कापड फाटलेलं नाही, पण इतकी तीक्ष्ण घडी पडली आहे की इस्त्री फिरत नाही. अशा सिंग्युलॅरिटीला 'दुबळी' म्हणतात. तिथून जाणाऱ्या माणसाचा एकूण ताण मर्यादितच राहील, तो शेवयांसारखा लांबणार नाही, असंही अमोस ओरी यांनी १९९१-९२ मध्ये दाखवलं होतं. ऊर्जेने भाजून निघेल ते वेगळं.

माझं मत विचाराल तर: फिरणाऱ्या विवरात सापेक्षता सिद्धांत हात टेकतो तो बहुधा आतल्या क्षितिजापाशी. त्याच्या आतलं काहीही, कडी असो की केर यांचा तारा, त्याच सिद्धांताच्या भरवशावर छातीठोक सांगू नये.

क्वांटम सिद्धांत काय म्हणतो?

माठाच्या थेंबात रेणू आडवे आले, तसं इथे कोण आडवं येईल हा प्रश्न आहे. अवकाशाचेही कण असतील असं मानणाऱ्या एका विचारधारेचा पाया घालणाऱ्यांत अभय अष्टेकर आहेत, मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. २०१८ मध्ये त्यांनी हावियर ओल्मेडो आणि परमप्रीत सिंग यांच्याबरोबर केलेल्या गणितात केंद्रातलं अनंत नाहीसं होतं, वक्रता एका मोठ्या पण मर्यादित आकड्यापर्यंत जाऊन परतते, आणि पलीकडे शुभ्रविवरासारखा, म्हणजे जिथून सगळं फक्त बाहेरच पडतं असा, प्रदेश सुरू होतो. ते गणित न फिरणाऱ्या विवराचं होतं. फिरणाऱ्याचं कितीतरी पटींनी किचकट आहे. दुसरीकडे सगळे कण मुळात सूक्ष्म तंतू आहेत असं मानणाऱ्या तंतु सिद्धांतातून समीर माथुर म्हणतात की आत पोकळीच नसते, क्षितिजापर्यंत तंतूंचा गुंता असतो. यातलं निरीक्षणाने तपासलेलं अजून काही नाही.

ज्या लांबीवर हे परिणाम ठळक व्हावेत असं मानतात ती मीटरमध्ये लिहायची तर दशांश चिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६.

कृष्णविवर मर्यादेपेक्षा जोरात फिरलं तर?

गणितात दोन्ही क्षितिजं एकमेकांत मिसळून नाहीशी होतात आणि कडी उघडी पडते. निसर्ग तसं होऊ देत नाही हा पेनरोझ यांचा १९६९ चा अंदाज. अंदाजच, सिद्धता नाही.

औंढ्याचं यंत्र आत काय आहे ते दाखवेल का?

थेट नाही. क्षितिजाच्या आतून काहीच बाहेर येत नाही.

पण कुंभाराच्या दारात माठ घेताना आपण काय करतो? उचलतो आणि बोटाच्या पेराने टिचकी मारतो. पक्का माठ टणकन वाजतो, चिरलेला भदभद करतो. आत डोकवावं लागत नाही. दोन विवरं धडकून एक झालं की ते नवं विवर असंच वाजतं आणि क्षणात शांत होतं. विवराला धक्का बसला की ते विशिष्ट स्वरात थरथरून विझतं, हे १९७० मध्ये बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी दाखवलं. विवर खरोखर केर यांच्या उत्तरासारखं असेल तर त्याचे सगळे स्वर फक्त दोन आकड्यांवरून ठरतात: वस्तुमान आणि फिरणं. १४ जानेवारी २०२५ ला लायगोने पकडलेली लहर इतकी स्पष्ट होती की त्यात दोन स्वर ओळखता आले, आणि ते केर यांच्या हिशोबाशी जुळले.

म्हणजे माठाचा बाहेरचा आवाज अगदी १९६३ च्या त्या दीड पानासारखा आहे. आतल्या क्षितिजाबद्दल त्यातून काही कळत नाही. पण स्वर जर कधी किंचित चुकला, धडकेनंतर एखादा प्रतिध्वनी आला, तर मात्र क्षितिजाबद्दलचं आपलं मानणंच तपासावं लागेल. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ ला मंजूर केलेल्या २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात ४ किलोमीटरचे दोन हात असतील आणि प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाइतका फरक टिपायचा आहे. जगात अशी यंत्रं मोजकीच आहेत. आणखी एक, तेही दूरच्या दिशेला, आलं की आवाज आकाशात कुठून आला हे नेमकं कळतं.

त्या यंत्रामुळे इथे कृष्णविवर तयार होईल किंवा पाऊस कमी होईल, असं गावात म्हणायलेत.

नाही हो. ते फक्त ऐकतं. पाऊस त्याच्या आधीपासूनच कमी आहे.

सर, मग परीक्षेत काय लिहू? 'कृष्णविवराच्या केंद्रस्थानी काय असते' असा प्रश्न येतो.

चार पर्यायांत सिंग्युलॅरिटी असेल तर त्यावर खूण कर, गुण घे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याशी केर यांच्या वतीने भांडायला जाऊ नकोस. आणि 'थोडक्यात टीप लिहा' असं आलं, तर 'केंद्रस्थानी' या शब्दाखाली पेन्सिलीने हलकी रेघ ओढ. न फिरणाऱ्या विवरात ते केंद्र नसून वेळ आहे, आणि फिरणाऱ्यात आपण तिथवर पोचतच नाही. मी तपासत असेन तर अर्धा गुण जास्त देईन.